ना सुरगाठ, ना निरगाठ

टोक ओढले की सुटते ती सुरगाठ आणि काही केल्या सुटत नाही ती निरगाठ. हा फरक आपण पायजम्याच्या नाडीपासून शिकतो आणि बहुतेकांचे गाठींचे शिक्षण तिथेच संपते. पण गाठींचे आणखी एक कुळ आहे. त्याला रूढ मराठी नाव मी तरी ऐकलेले नाही. या कुळातली गाठ बारीक दोरीने एखाद्या जाड दोराभोवती घालतात. तिच्यावर वजन नसेल तर ती बोटाने वर-खाली सरकवता येते. वजन टाकले की ती जागच्या जागी आवळून बसते. वजन काढले की पुन्हा सरकायला मोकळी. म्हणजे भार असताना निरगाठ आणि भार नसताना सुरगाठीहूनही सोपी. आपण त्यांना ‘घर्षणगाठी’ म्हणू. गिर्यारोहक, गुहांचे संशोधक, झाडांच्या फांद्या छाटणारे आणि डोंगरातल्या घळींमधून धबधब्यांच्या कडेने उतरणारे लोक आज या गाठींच्या भरवशावर जीव टाकतात. हा भरवसा कसा तयार झाला आणि तो कुठे संपतो, हे समजून घ्यायला इतिहासाची मदत होते.

सुरुवात जहाजांवर झाली. शिडाच्या जहाजावर एक नेहमीची अडचण असे. ताणलेला जाड दोर एका खुंटावरून काढून दुसरीकडे बांधायचा आहे, पण त्यावरचा ताण क्षणभरही सोडता येत नाही. मग खलाशी त्या दोराभोवती एका बारीक दोरीचे वेढे ओढीच्या दिशेने घालत, ती दोरी दुसरीकडे बांधून ताण तिच्यावर घेत आणि मोठा दोर मोकळा करून हलवत. काम झाले की बारीक दोरी काढून टाकत. या गाठीला इंग्रज खलाशी ‘रोलिंग हिच’ म्हणतात. ती कोणी शोधली हा प्रश्नच गैरलागू आहे. शेकडो हातांनी ती घडवली.

विज्ञानाने दोराच्या घर्षणाकडे लक्ष दिले तेही मोठ्या प्रमाणावर जहाजांमुळेच. १६९९ साली फ्रान्समध्ये आमोंताँ याने घर्षणाचे दोन साधे नियम मांडले. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते आणि ते स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही हेच नियम आहेत. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेल्या कूलोमने रोशफोरच्या नाविक गोदीत घर्षणाचे आणि दोरांच्या ताठरपणाचे प्रयोग केले आणि त्यासाठी १७८१ साली त्याला फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याआधी ऑयलरने खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराचे गणित सोडवले होते. पुढे आयटेलवाइनने १८०८ सालच्या आपल्या ग्रंथात ते अभियंत्यांच्या हाती दिले, म्हणून ते सूत्र दोघांच्या नावाने ओळखले जाते.

या सूत्रावर थोडे थांबू, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे. उधळलेल्या बैलाचे दावे नुसते हातात धरून बैल थांबत नाही. तेच दावे झाडाला दोन वेढे देऊन धरले तर एखादे पोरही बैल आवरू शकते. दोराचा प्रत्येक लहानसा तुकडा खोडावर दाबला जातो, तेवढ्यापुरते घर्षण निर्माण होते आणि पुढच्या तुकड्याकडे जाणारा ताण ठरावीक अंशाने कमी होतो. दर तुकड्याला ठरावीक अंशाने घट म्हणजे चक्रवाढीचे गणित, उलट्या दिशेने चालवलेले. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ताण ६.६ पटींनी कमी होतो, दोन वेढ्यांनी ४३ पटींनी आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पटींनी! खोड जाड आहे की बारीक याने काहीही फरक पडत नाही. फक्त किती वेढे आणि घर्षणांक किती, एवढेच महत्त्वाचे. वर्गात हे सांगितले तर मुलांचा विश्वास बसत नाही. बाकाचा पाय आणि टेबलाचा पाय यांभोवती तीच दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने मोजून दाखवले की बसतो.

आता खांबाऐवजी दुसरा दोरच घेतला तर? इथे कार्ल प्रूसिक येतो.

प्रूसिकचा जन्म १८९६ साली व्हिएन्नात झाला. तो संगीताचा शिक्षक होता आणि पट्टीचा गिर्यारोहकही. संगीतशास्त्रात त्याने डॉक्टरेट मिळवली होती. प्रबंधाचा विषय होता बाखचा समकालीन ल्यूटवादक सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस याच्या रचना. १९३१ साली ऑस्ट्रियातील एका गिर्यारोहण नियतकालिकात त्याचा लेख आला. त्याचे शीर्षक साधे होते : एक नवी गाठ आणि तिचे उपयोग. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना त्याला ही गाठ सुचली, अशी कथा सांगितली जाते. मला मात्र वेगळीच गोष्ट खुणावते. हा केवळ माझा तर्क आहे, तेव्हा तितक्याच बेताने घ्यावा. ल्यूटचे पडदे धातूचे पक्के बसवलेले नसतात. ते दांडीभोवती आवळून बांधलेले तातीचे वेढे असतात. वाजवताना ते हलत नाहीत, पण सूर जुळवताना सरकवता येतात. आपल्या सतारीचे पडदेही दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात आणि थाट बदलला की वादक ते सरकवतो. भाराखाली स्थिर आणि एरवी सरकणारा वेढा ज्याच्या रोजच्या बोटांखाली आहे, त्याला डोंगरात अशी गाठ सुचावी यात नवल वाटत नाही.

गाठ करायला अगदी सोपी आहे. दोरीची दोन्ही टोके एकत्र बांधून एक कडे करायचे. ते कडे जाड दोरामागून घेऊन स्वतःतूनच ओवून काढायचे, आणि असे एकदा नव्हे, दोनदा किंवा तीनदा. वेढे एकमेकांना चिकटून समांतर बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. मग मुख्य दोरावर मधल्या जागेच्या वर दोन-तीन आणि खाली दोन-तीन असे वेढे दिसतात आणि त्यांना जोडणारा एक आडवा पूल दिसतो. वर आणि खाली वेढे सारखे असल्याने ही गाठ दोन्ही दिशांनी पकडते. खलाशांची जुनी गाठ एकाच दिशेने पकडत असे. पुलाला अंगठ्याने मागे रेटले की वेढे सैल होतात आणि गाठ सरकते.

वजन टाकल्यावर ती का घसरत नाही? कड्याला W एवढे वजन लटकवले आहे असे... नको, अक्षरेही नकोत, शब्दांतच पाहू. वजनामुळे वेढे आवळले जातात आणि मुख्य दोरावर दाब देतात. हा दाब वजनाच्या काही पट असतो. किती पट ते वेढ्यांच्या संख्येवर ठरते. आमोंताँच्या नियमाने घर्षण म्हणजे हा दाब गुणिले घर्षणांक. गाठ टिकायची तर हे घर्षण वजनाहून जास्त हवे. आता गंमत पाहा. वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून ते निघून जाते! उरते ती एकच अट : ‘पट’ आणि घर्षणांक यांचा गुणाकार १ पेक्षा जास्त असला पाहिजे. म्हणजे या सरळ हिशोबात एक तर गाठ कोणत्याही वजनाला पकडते, नाही तर कोणत्याच वजनाला पकडत नाही. माणूस जितका जड, तितकी पकडही घट्ट. दोर गुळगुळीत असेल तर वेढे वाढवायचे. दोर तुटेपर्यंत हा हिशोब चालतो का, हे पुढे पाहू.

प्रूसिकच्या लेखानंतर पाचच वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर एक शोकांतिका घडली. चार तरुणांपैकी तिघे आधीच मेले होते. टोनी कुर्त्झ एकटा दोराला लटकत उरला होता. बचावाला आलेले वाटाडे त्याच्या खाली येऊन थांबले होते. त्यापुढे त्यांना चढता येईना. कुर्त्झने गोठलेल्या हाताने कित्येक तास खपून दोराचे पेड उलगडले, ते एकमेकांना बांधून खाली सोडले आणि वाटाड्यांनी बांधलेला दोर वर ओढून घेतला. तो दोर अपुरा पडला म्हणून त्यांनी दुसरा दोर त्याला जोडला होता. उतरताना नेमकी ती जोडगाठ कुर्त्झच्या कमरेच्या कडीत अडकली. ती कडीतून पुढे जाईना आणि अंगचे सारे वजन दोरावर असल्याने त्याला मागेही होता येईना. तिथेच तो गेला. आजचा कोणताही शिकाऊ गिर्यारोहक या प्रसंगी काय करावे ते सांगेल. कडीच्या वर दोराला घर्षणगाठीचे कडे घालायचे, त्यात पाय देऊन उभे राहायचे, वजन कडीवरून निघाले की अडकलेली गाठ पार करायची. युक्ती छापून आलेली होती. मात्र गोठलेला हात आणि थकलेले शरीर पाहता ती त्या घटकेला कुर्त्झला करता आली असती असे मला वाटत नाही. गाठीचे ज्ञान आणि गाठ मारू शकणारी बोटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या काळचे दोर अंबाडीसारख्या वनस्पतींच्या तंतूंचे, पीळ दिलेले आणि खरखरीत होते. त्यांच्यावर पकड चांगली बसे. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचे दोर आले. मजबूत, ताणले जाणारे, न कुजणारे. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशा रचनेचा दोर बनवला. आज डोंगरात वापरतात ते जवळजवळ सगळे दोर याच कुळातले आहेत. आवरण गुळगुळीत झाले, म्हणून दोनऐवजी तीन वेढ्यांची सवय लागली. १९५०च्या दशकात अमेरिकेत बिल कडिंग्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी खोल गुहांतून एकाच दोरावरून वर येण्यासाठी प्रूसिकच्या गाठी वापरल्या. एका कड्यात पाय, दुसरे कमरेला किंवा छातीला. एकावर भार टाकायचा आणि दुसरे वर सरकवायचे. पुढे यंत्रेही आली. स्वित्झर्लंडमध्ये गरुडांचा अभ्यास करणाऱ्या आडोल्फ यूझी यांना कड्यांवरच्या घरट्यांपर्यंत दोराने जावे लागे. त्यांच्यासाठी वाल्टर मार्टी यांनी १९५८ साली दातेरी पकडीचे एक साधन बनवले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ‘जुमार’ पडले. यंत्रापुढे गाठ मागे पडायला हवी होती. पण दोरीचे कडे खिशात मावते, ते स्वस्त असते आणि दात नसल्याने दोर फाडत नाही. म्हणून ती टिकली.

आता घळींकडे वळू. नदीने कोरलेल्या अरुंद घळीतून चालत, पोहत आणि कड्यांवरून दोराने उतरत जाण्याला युरोपात कॅनियनिंग म्हणतात आणि अमेरिकेत कॅनियनीअरिंग. फ्रान्समध्ये गुहाविज्ञानाचा प्रणेता मार्तेल याने १९०५ साली व्हर्दाँ नदीची प्रचंड घळ पालथी घातली, तेव्हापासून या प्रकाराची परंपरा सांगतात. आपल्या सह्याद्रीतही लाव्हाच्या आडव्या थरांमुळे पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि धबधबे आहेत. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांदण दरी आता अनेकांना माहीत झाली आहे. तिथे दोराने उतरणाऱ्या गटांत प्रूसिकचे नाव हमखास ऐकू येते.

दोराने उतरणारा माणूस दोर एका धातूच्या साधनातून घेतो आणि साधनाखालचा दोर हातात धरून वेग आवरतो. हात सुटला तर काय, म्हणून राखीव पकड म्हणून घर्षणगाठ घालतात. पूर्वी ती साधनाच्या वर घालत. दोष दुहेरी होता. एक तर घाबरलेला माणूस नेमकी ती गाठच मुठीत आवळून धरतो आणि मुठीत धरलेली गाठ पकडत नाही, घसरते. दुसरे म्हणजे पकडलीच तर सगळे वजन तिच्यावर येते आणि मग लटकत्या स्थितीत ती सैल करता येत नाही. नंतर गाठ साधनाच्या खाली, कमरपट्ट्याच्या पायाच्या पट्टीला जोडून घालू लागले. इथे पुन्हा ऑयलर मदतीला येतो. साधनातल्या वळणांवर ताण आधीच बराच कमी झालेला असतो. सत्तर किलोच्या माणसासाठी खालच्या हाताला पाच-सात किलोची ओढ पुरते. तेवढीच गाठीला पेलायची असते. त्यामुळे ती साधी, कमी पकडीची असली तरी चालते आणि भार असतानाही हाताने सरकवता येते. जागा फक्त वीतभर बदलली आणि गाठीचे काम दहा पटींनी हलके झाले.

कोरड्या घळीत हा उपाय चांगला आहे. अमेरिकेतील यूटाच्या वाळूच्या खडकातल्या बऱ्याचशा घळी अशाच, वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. पण वाहत्या धबधब्यात प्रश्नच उलटा होतो. कोरड्या कड्यावर पडणे हा धोका आणि थांबणे ही सुरक्षितता. धबधब्यात थांबणे हाच धोका. डोक्यावर पाण्याचा लोट कोसळत असतो, श्वास घेता येत नाही, थंडीने बोटे बधिर होतात आणि आवळलेली गाठ माणसाला नेमकी तिथे धरून ठेवते. खाली दोन मीटरवर डोह असतो, तिथे सुटका असते, पण गाठ सोडत नाही. म्हणून पाण्याच्या घळीत अनुभवी लोक स्वतः आवळणारी गाठ टाळतात. एक जण खाली उभा राहून गरज पडल्यास दोर ओढून वेग आवरतो. त्याहून महत्त्वाचे, वरचा दोर खडकाला पक्का न बांधता असा बांधतात की वरच्या माणसाला तो भार असतानाही सोडत नेता येईल. मधेच कोणी अडकला तर त्याला दोरासकट खाली उतरवता येते. पावसाळ्यात धबधब्यावर उतरण्याची शिबिरे आता गावोगाव निघतात आणि विद्यार्थ्यांना पाठवावे का असे पालक शिक्षकांना विचारतात. शिबिर घेणाऱ्यांना हा एक प्रश्न जरूर विचारावा : मधे अडकलेल्या मुलाला वरून खाली सोडता येईल अशी तुमची बांधणी आहे का? शिरस्त्राण किती आणि दोर कोणत्या कंपनीचा, हे त्यानंतर.

इटलीतील आओस्ता खोऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘व्हाल्डोतेन’ नावाची एक गाठ याच अडचणीवर तोड म्हणून वापरतात. दोन्ही टोकांना फासे असलेल्या दोरीचे वेढे घालून खाली तिची वेणी गुंफतात. ही गाठ भार असतानाही हाताने सैल होते. अर्थात जी गाठ सैल होऊ शकते ती नको तेव्हाही होऊ शकते, त्यामुळे ती सरावाच्या हातांसाठीच.

मघाचा प्रश्न राहिला. कोणत्याही वजनाला पकडते हे कितपत खरे? धातूवर धातू घासताना आमोंताँचा नियम बऱ्यापैकी चालतो. नायलॉनसारख्या मऊ तंतूंवर मात्र दाब दुप्पट केला तर घर्षण दुपटीहून थोडे कमी वाढते, असे वस्त्रतंत्रज्ञांनी १९५०च्या दशकात मोजून दाखवले. म्हणजे भार वाढला की घर्षणांक हळूहळू घटतो आणि कधी तरी गाठ घसरू लागते. गंमत अशी की बचावकार्य करणाऱ्यांनी याच दोषाचा उपयोग करून घेतला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात १९८०च्या दशकात त्यांनी एक कठोर कसोटी ठरवली. तीन मीटर दोरावर २०० किलोचे वजन एक मीटर खाली पडू द्यायचे. ते एका मीटरच्या आत थांबले पाहिजे आणि झटका १५ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे दीड टन वजनाच्या, पुढे जाता कामा नये. माणसाच्या हातांवर अवलंबून असलेल्या पद्धती यात टिकेनात. एकामागे एक घातलेल्या, आठ मिलिमीटर दोरीच्या, तीन वेढ्यांच्या दोन प्रूसिक गाठी टिकल्या. त्या थोड्या घसरतात, घसरताना ऊर्जा खातात आणि मग थांबतात.

खाल्लेली ऊर्जा उष्णता होते. ७० किलोचा माणूस गाठीसकट तीन मीटर घसरला तर सुमारे २००० ज्यूल उष्णता निघते. मुख्य दोरावर ती तीन मीटरभर पसरते. गाठीचे मात्र तेच ३० सेंटिमीटर, जेमतेम सात ग्रॅम नायलॉन, सतत घासत राहते. निम्मी उष्णता तिच्या वाट्याला आली तरी सरासरी तापमान ८० अंशांहून अधिक वाढते, आणि नायलॉन उष्णतेचा मंदवाहक असल्याने घासणाऱ्या पृष्ठभागावर ते कितीतरी जास्त असते. साधे नायलॉन सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. अतिमजबूत म्हणून विकली जाणारी पॉलिएथिलीनची दोरी १५० अंशांच्या आतच वितळते, वर ती निसरडीही असते. दोरी मजबूत म्हणजे गाठीला चांगली, असे मुळीच नाही.

गाठींच्या नावांचा इतिहास मजेदार आहे. फ्रान्समध्ये माशार, जर्मनीत क्लेमहाइस्ट, गाठ तीच. कडी वापरून केलेली गाठ बाखमानच्या नावावर आहे. झाडांवर काम करणारे ज्या गाठीला ‘ब्लेकची गाठ’ म्हणतात तिच्याविषयी जेसन ब्लेक यांनी १९९४ साली अमेरिकेतील एका वृक्षव्यवसायाच्या मासिकाला पत्र लिहिले होते. पण ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रोहास्का यांनी तीच गाठ १९८१ साली छापली होती. दोघांनी ती स्वतंत्रपणे शोधली, आणि नाव ज्याचे वाचक जास्त त्याचे झाले. खलाशांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता.

भौतिकीने या गाठींकडे उशिरा पाहिले. १९७७ साली बेमन यांनी खांबाभोवतीच्या गाठींसाठी ऑयलरचे गणित पुढे नेऊन दाखवले की प्रत्येक गाठीला घर्षणांकाची एक किमान मर्यादा असते. तिच्या वर असलात तर गाठ कितीही ओढ सोसते. २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ताणानुसार रंग बदलणारे तंतू गाठीत बांधून कोणता वेढा किती आवळला हे डोळ्यांनी दाखवले. मात्र दोरावर दोर, दोन्ही मऊ, दोन्ही दबणारे, हा प्रूसिकचा प्रश्न बेमनच्या टणक खांबाहून बराच अवघड आहे.

तुम्ही तो वर्गात हाताळू शकता. कपडे वाळत घालण्याची जाड दोरी दाराच्या चौकटीला उभी ताणून बांधा. बारीक नायलॉनच्या दोरीचे कडे करून प्रूसिकची गाठ घाला आणि खाली पाण्याची बाटली लटकवा. एका ओवणीने, दोन ओवण्यांनी आणि तीन ओवण्यांनी काय होते ते पाहा. मग बाटलीत पाणी वाढवत जा. साध्या सिद्धांताप्रमाणे अर्ध्या लिटरला टिकलेली गाठ दोन लिटरलाही टिकली पाहिजे. कड्याची दोरी मुख्य दोरीइतकीच जाड घेऊन पाहा, पकड कमी झालेली दिसेल. जाड दोरी नीट वाकून चिकटत नाही. मग सुतळी घेऊन पाहा. शेवटी सगळे भिजवा आणि पुन्हा मोजा. कोणी मुलाने स्वतः लटकून पाहू नये एवढी काळजी घ्या, बाटली पुरते.